स्टेशन वॅगनची चाके व टायर

स्टेशन वॅगन या प्रकारच्या मोटारगाडीसाठी भार, वेग, हवामान आणि रस्ता पाहून रिम व टायर ठरविण्याची पद्धत. या गाडीचे छत मागच्या दारापर्यंत सरळ गेलेले असते आणि बैठक व सामानाची जागा एकाच कप्प्यात असते. मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे बरेच सामान राहत असल्याने पूर्ण भरलेल्या वॅगनची मागची चाके सेडानच्या चाकांपेक्षा अधिक वजन पेलतात. टायर निवडताना पहिला विचार या वजनाचा करावा लागतो, रूपाचा त्यानंतर. प्रस्तुत नोंदीत नागपूर व परिसरातील वापर डोळ्यांपुढे ठेवला आहे.

नावाच्या उगमाबद्दल दोन धागे सांगितले जातात. अमेरिकेत रेल्वे स्थानकावरून उतारू व त्यांच्या पेट्या हॉटेलपर्यंत नेणाऱ्या घोडागाडीला आणि पुढे तिची जागा घेणाऱ्या लाकडी सांगाड्याच्या मोटारीला ‘डेपो हॅक’ म्हणत. ‘स्टेशन वॅगन’ हे नाव त्याच व्यवसायातून आले, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो इंग्लंडमधील ‘शूटिंग ब्रेक’ या जुन्या नावाविषयी. काहींच्या मते यातील ‘ब्रेक’ हा नव्या घोड्यांना जुंपण्याची सवय लावणारा, वरचा डोलारा नसलेला सांगाडा होय. काही जण तो शब्द डच भाषेतून आल्याचे मानतात. पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, कारण अशाच सांगाड्यावर पुढे शिकारीच्या मंडळींसाठी बाके बसविली गेली. ‘इस्टेट’ हे ब्रिटिश नाव खेड्यातील जमीनदारीच्या कामाच्या गाडीवरून पडले. तिन्ही नावांच्या मुळाशी माणसांबरोबर ओझेही वाहणारी गाडी आहे.

भारतात अ‍ॅम्बॅसिडरची इस्टेट आवृत्ती होती. नंतर टाटा इस्टेट (१९९२), इंडिगो मरिना (२००४), स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी आणि अलीकडे व्होल्वो व्ही ९० क्रॉस कंट्री (२०१७) व मर्सिडीज ई-क्लास ऑल-टेरेन (२०१८) या गाड्या आल्या. खप सर्वांचाच बेताचा राहिला. त्यामुळे टायरच्या दुकानात वॅगन आली की बहुधा त्याच नावाच्या सेडानचे माप काढून दिले जाते. माप अनेकदा जुळतेही. भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) व हवेचा दाब मात्र जुळेलच असे नाही. खरी माहिती चालकाच्या दारालगतच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत चिकटविलेल्या पट्टीवर असते. तिच्यावर निम्म्या भारासाठी एक आणि पूर्ण भारासाठी दुसरा असे दाबाचे दोन आकडे असतात. वॅगनच्या पट्टीवर पूर्ण भाराचा मागच्या चाकांचा आकडा पुढच्यापेक्षा ठळकपणे जास्त आढळतो.

टायरच्या बाजूवर ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ असे लिहिलेले असते. २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ५५ ही बाजूच्या उंचीची रुंदीशी टक्केवारी, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास. त्यापुढचा ९१ हा भारांक. ग्राहक बहुधा १६ वरच थांबतो, म्हणून याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ८२ म्हणजे ४७५ किलो, ९४ म्हणजे ६७० किलो. मागच्या अ‍ॅक्सलवर ९१ ची जोडी १,२३० किलो पेलते, ८२ ची जोडी केवळ ९५०. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर स्वस्त मिळाला तरी वॅगनला घालू नये. ‘एक्सएल’ अशी खूण असलेला टायर जादा भाराचा असतो, पण तो जादा भार जादा हवेवरच पेलतो. साध्या टायरची कमाल भारक्षमता २५० किलोपास्कल (सुमारे ३६ पीएसआय, म्हणजे पौंड प्रति चौरस इंच) दाबावर मोजतात, एक्सएलची २९० (सुमारे ४२ पीएसआय) दाबावर. एक्सएल घेऊन त्यात जुन्या सवयीने ३० भरल्यास जादा पैसे वाया जातात. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे : टी १९०, एच २१०, व्ही २४० किमी. प्रतितास.

नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात येथे पारा ४५ अंश से.च्या पुढे जातो आणि रोहिणी नक्षत्रातील नवतप्यात रस्ता हवेपेक्षाही कितीतरी तापलेला असतो. टायर मात्र मुख्यतः आतून तापतो. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू अधिक वाकते, या वाकण्या-सरळ होण्यात ऊर्जा रबरातच मुरते आणि उष्णता साठत जाते. वेग व ओझे वाढले की साठा वाढतो. अखेर रबर व आतील धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटतात आणि टायर फुटतो. समृद्धी महामार्ग नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून सुरू होतो. त्याचा नागपूर–शिर्डी हा ५२० किमी.चा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. या काँक्रीटच्या मार्गावर १२० च्या मर्यादेने तासन्‌तास न थांबता जाता येते. वेगाच्या अक्षराचा विचार केला तर तेथे टी देखील पुरतो. धोका असतो तो पाच माणसे, सुट्टीचे सामान आणि २८ पीएसआय हवा घेऊन भर दुपारी निघालेल्या वॅगनला.

हवा सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी मोजावी. ३० अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर ६० अंशांपर्यंत तापला की तोच दाब सुमारे ३८ होतो. ही वाढ टायरच्या रचनेत धरलेली असते. वाटेत पंपावर थांबून ‘हवा जास्त झाली’ म्हणून ती सोडणे हे नेमके उलटे काम होय. टायर थंड झाला की तो कमी हवेचा ठरतो. नायट्रोजनबद्दल मते भिन्न आहेत. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोरडेपणा आणि किंचित सावकाश गळती एवढाच त्याचा फायदा मानणे सयुक्तिक दिसते. नायट्रोजन भरला म्हणून दाब तपासणे सोडता येत नाही.

रिमची जुळणी. रिमला किती नट आहेत एवढे पाहून ती घेणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. नटांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास, ईटी (रिमच्या मध्यरेषेपासून बसण्याच्या पृष्ठभागाचे अंतर) आणि नटाच्या बुडाचा आकार ही चारही मापे जुळावी लागतात. जुन्या फियाट गाड्यांचे वर्तुळ ४×९८ (चार नट, ९८ मिमी. व्यास), तर बाजारात भरपूर मिळणाऱ्या रिमांचे ४×१००. फरक त्रिज्येत अवघा १ मिमी. रिम हबवर (अ‍ॅक्सलच्या टोकाचा, चाक बसविण्याचा भाग) टेकविली की बसल्यासारखी दिसते, पहिला नट सहज जातो, दुसरा थोडा ओढून घेतो. समोरचा मात्र किंचित तिरपा शिरतो आणि पाना फिरविताना हाताला खरखर लागते. ती खरखर लागली की तेथेच थांबावे. असे चाक घट्ट झाल्यासारखे वाटते, पण नट बुडावर पूर्ण टेकलेला नसतो.

मधल्या भोकाचे उदाहरण ऑक्टाव्हियाचे घेता येईल. तिचे वर्तुळ ५×११२, मर्सिडीजचेही ५×११२. पण ऑक्टाव्हियाच्या हबचा व्यास ५७.१ मिमी. आणि मर्सिडीजच्या रिमचे भोक ६६.६ मिमी. भोवती पावणेपाच मिमी. पोकळी राहते. ती भरणारी कडी न घालता रिम लावली तर चाक केंद्रावर बसत नाही आणि ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते. शिशाची वजने लावून बॅलन्सिंग कितीदाही केले तरी दोष जात नाही. शिवाय फोक्सवॅगन कुलातील (ऑक्टाव्हियाही त्यातलीच) मूळ बोल्टचे बूड गोलाकार, तर बाहेरच्या बहुतेक अलॉयचे (मिश्रधातूच्या रिमांचे) शंकूसारखे असते. रिमबरोबर तिच्या बुडाचे बोल्टही घ्यावे लागतात. ईटी ५० ऐवजी ३५ ची त्याच रुंदीची रिम लावली तर चाक १५ मिमी. बाहेर येते. रिकाम्या वॅगनमध्ये हे कळतही नाही. सामान भरून मागची बाजू बसली की टायर मडगार्डच्या कडेला घासू लागतो, म्हणून घासते का हे भरलेल्या गाडीवरच पाहावे.

मोठी रिम घेताना एकूण व्यास मूळच्या जवळ राहावा. २०५/५५ आर १६ चा व्यास ६३१.९ मिमी., २२५/४५ आर १७ चा ६३४.३, फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मात्र बाजूची उंची ११३ वरून १०१ मिमी.वर येते. नागपुरातील सिमेंट रस्ते अनेक ठिकाणी शेजारच्या पट्टीपेक्षा उंच आहेत. त्या उघड्या कडेवर तिरपे चढताना बुटका टायर रिम आणि काँक्रीट यांच्यात चेमटतो, आतील धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. पत्र्याची रिम वाकली तर ठोकून सरळ करता येते, अलॉयला तडा जाऊ शकतो. ताडोबा, पेंचकडे वारंवार जाणाऱ्यांना मूळ मापाची उंच बाजूच सोयीची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल वर्ज्य आहेत. त्याच गाडीच्या वरच्या आवृत्तीला दिलेले माप हा सुरक्षित पर्याय होय.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवी जोडी कोठे घालावी, याबद्दल दुकानांत अजूनही ‘इंजिन ओढते त्या बाजूला’ असे सांगतात. टायर उत्पादकांचा कौल मागच्या चाकांना आहे आणि तोच योग्य वाटतो : मृगाच्या पहिल्या सरीत, धूळ व तेल वर आलेल्या सिमेंटवर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते, मागची घसरली तर ती गरकन फिरते. चारही चाकांना जोर असलेल्या वॅगनमध्ये चारही टायर एकाच घेराचे हवेत.

नक्षीच्या खाचेतील उंचवटा (१.६ मिमी.) पृष्ठभागाला टेकला की टायर बदलावा. वयही पाहावे : बाजूवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष दर्शवितात, ‘२३२२’ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर नक्षी शिल्लक असतानाच कडक होऊन चिरते.

हेच जादा चाकालाही लागू. आपण त्याला स्टेपनी म्हणतो. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास पंक्चर चाकावर आवळता येणारी हवाभरली रिम काढली, तिच्यावरून हा शब्द आला. २०२० च्या नियमदुरुस्तीनुसार ट्यूबलेस टायर, दाबदर्शक यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या गाडीत स्टेपनी ठेवणे बंधनकारक नाही. वॅगनमध्ये ती सामानाच्या तळाशी असते आणि हवा तपासताना तीच राहून जाते. तिच्यात पूर्ण भाराचा मागच्या चाकाचा दाब भरून ठेवावा. पुढे लावायची वेळ आली तर थोडी हवा सोडता येते.