नळीवाटे व शिरेवाटे पोषण

तोंडाने पुरेसे अन्न घेऊ न शकणाऱ्या रुग्णाला नळीतून जठरात वा लहान आतड्यात, किंवा थेट रक्तप्रवाहात पोषकद्रव्ये पुरवण्याच्या उपचारपद्धती. पक्षाघातामुळे गिळता न येणे, दीर्घकाळची बेशुद्धी, कृत्रिम श्वसन, अन्ननलिकेचा कर्करोग, मोठ्या प्रमाणावर भाजणे अशा अवस्थांत त्यांची गरज पडते. गंभीर आजारात अन्न मिळाले नाही, तर शरीर स्वतःचेच स्नायू झिजवून गरज भागवते. त्यामुळे श्वसनाचे स्नायू दुबळे होतात, जखमा भरण्यास वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाशी लढण्याची शक्ती घटते.

सलाईन चालू आहे म्हणजे रुग्णाच्या पोटाची सोय झाली, हा समज चुकीचा असून त्यापायी उपासमार अनेकदा लक्षातही येत नाही. साध्या सलाईनमध्ये फक्त पाणी व मीठ असते. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या (ग्लुकोज साखरेच्या) १ लिटर द्रावणातूनही जेमतेम १७० किलोकॅलरी ऊर्जा मिळते, प्रथिने तर मुळीच मिळत नाहीत. प्रौढ रुग्णाला मात्र वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण २५ ते ३० किलोकॅलरी, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला १,५०० ते १,८०० किलोकॅलरी लागतात.

आतडे काम करत असेल तर नळीवाटे पोषणालाच पहिली पसंती दिली जाते, कारण आतड्याच्या अस्तराला स्वतःचे पोषण बरेचसे आतून जाणाऱ्या अन्नातूनच मिळते आणि ते रिकामे राहिल्यास अस्तर झिजते. थोड्या दिवसांसाठी नाकातून जठरात जाणारी नळी, म्हणजे रायल्स ट्यूब किंवा तिच्याहून बारीक व मऊ नळी, पुरते. ती चुकून श्वासनलिकेत गेल्यास पातळ अन्न फुप्फुसात उतरून जिवावर बेतू शकते. म्हणून पहिल्या वापरापूर्वी क्ष-किरण चित्राने किंवा नळीतून ओढलेल्या द्रवाची आम्लता तपासून तिची जागा निश्चित करतात. हवा सोडून पोटावर आवाज ऐकणे ही जुनी पद्धत भरवशाची नाही. अन्न देताना खाटेचे डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवतात. काही आठवड्यांहून अधिक काळ गरज असल्यास पोटाच्या भिंतीतून थेट जठरात नळी बसवतात. दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट न उघडता ती बसवण्याची पद्धत मायकेल गॉडरर व जेफ्री पॉन्स्की यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे प्रथम वापरली.

आतडे अडलेले, फाटलेले किंवा शस्त्रक्रियेने फार आखूड झालेले असेल, तर शिरेवाटे पोषण हाच मार्ग उरतो. ग्लुकोज, ॲमिनो आम्ले, स्निग्ध पदार्थ, क्षार, जीवनसत्त्वे व सूक्ष्म मूलद्रव्ये असलेले हे संहत द्रावण हाताच्या लहान शिरेला दाहक ठरते; म्हणून ते हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडतात, जिथे वेगाने वाहणाऱ्या रक्तात ते तत्काळ विरळ होते. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील स्टॅन्ली डड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याची पिल्ले आणि नंतर आतड्याचा जन्मजात दोष असलेले एक अर्भक केवळ अशा पोषणावर वाढू शकते, हे १९६० च्या दशकात दाखवून दिले. त्याच दशकात स्वीडनमधील आर्विद व्रेतलिंद यांनी सोयाबीन तेलापासून शिरेत सुरक्षितपणे देता येणारे पायस (पाण्यात तेलाचे सूक्ष्म थेंब पसरलेले दुधाळ मिश्रण) तयार केले. तोवर तेल शिरेतून देण्याचे बरेच प्रयत्न अपायकारक ठरले होते. या पद्धतीतील मुख्य धोका कॅथेटरमधून (शिरेत बसवलेल्या नळीतून) रक्तात शिरणाऱ्या जंतूंचा आहे. रक्तशर्करा वाढणे आणि दीर्घकालीन वापरात यकृताला इजा होणे हेही संभवते.

अनेक दिवस उपाशी राहिलेल्या रुग्णाला, मार्ग कोणताही असो, एकदम पूर्ण आहार देणे घातक असते. ग्लुकोज मिळताच इन्सुलिन वाढते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात. त्यांची रक्तातील पातळी झपाट्याने घसरून हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात व श्वसन मंदावू शकते. यासाठी आधी थायमिन (जीवनसत्त्व ब-१) देतात, अल्प मात्रेने सुरुवात करतात आणि या क्षारांची रोज तपासणी करत काही दिवसांत मात्रा पूर्ण गरजेपर्यंत नेतात.