कर्ज फिटलं, हेलियम गेलं

जून 2024 मध्ये अमेरिकेच्या सरकारने टेक्सासमधल्या अमरिलो शहराजवळचं आपलं हेलियमचं भांडार मेसर नावाच्या कंपनीला विकून टाकलं. जवळजवळ शंभर वर्षांचा सरकारी खटाटोप एका खरेदीखतावर आटोपला. आपल्याकडे या बातमीची कुणी दखल घेतली नाही, कारण हेलियम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो फुगा. (त्यातही गंमत अशी, की सारंगखेड्यासारख्या यात्रेत दोरीला बांधून मिळणाऱ्या फुग्यात बहुतेक वेळा हेलियम नसतंच. जुन्या सिलिंडरमध्ये कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे तुकडे टाकून तयार केलेला हायड्रोजन असतो तो. पेट घेणारा. पोरांना त्या सिलिंडरपासून चार हात लांब ठेवा.)

हेलियम खऱ्या अर्थाने लागतं ते धुळ्या-जळगावच्या दवाखान्यात. एमआरआयच्या खोलीत तपासणी चालू नसतानाही एक आवाज सतत येत असतो, चुक्, चुक्, चुक्. रात्री, रविवारी, दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा. तो आवाज कोल्ड हेडचा. यंत्राच्या पोटात नायोबियम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या तारेची वेटोळी असतात आणि ती साधारण दीड हजार लिटर द्रव हेलियममध्ये बुडालेली असतात. उणे 269 अंश सेल्सिअसला त्या तारेचा विजेला होणारा विरोध पार नाहीसा होतो. एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षं तिच्यात फिरत राहतो आणि त्यातूनच ते जबरदस्त चुंबकत्व मिळतं. हेलियमची जी वाफ होते ती पुन्हा द्रवरूप करायची, एवढंच कोल्ड हेडचं काम. त्याला चोवीस तास वीज लागते आणि थंड पाणी पुरवणारा चिलर लागतो.

आता मे महिना डोळ्यांसमोर आणा. जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे, दुपारी लाईट गेलेली, जनरेटर चालू झालाय पण चिलर ट्रिप. तंत्रज्ञ रोज सकाळी पडद्यावर हेलियमची पातळी किती टक्के आहे ते बघून वहीत लिहीत असतो, तो अशा दिवशी तासातासाला बघतो. आमच्या अहिराणीत सांगायचं तर जीव टांगणीले लागस. कोल्ड हेड बंद म्हणजे वाफ परत द्रव होत नाही, छपरावरच्या नळीतून बाहेर जाते. आणि तारेचा एखादा भाग तापून ती विद्युतरोध दाखवायला लागली, तर काही मिनिटांत बहुतेक सगळं हेलियम उकळून आकाशात. एका लिटर द्रवाचा सातशे लिटरच्या आसपास वायू होतो, म्हणजे दीड हजार लिटरचा दहा लाख लिटर. तो परत मिळत नाही.

परत मिळत नाही हे शब्दशः घ्यायचं. हवेत हेलियमचं प्रमाण दहा लाख भागांत जेमतेम पाच भाग. ते इतकं हलकं असतं की वातावरणाच्या माथ्यावर पोचून अंतराळात निसटत राहतं. पृथ्वीवर नवं हेलियम तयार होतं ते खडकांत. युरेनियम आणि थोरियमचे अणू फुटताना जे अल्फा कण बाहेर पडतात, ते म्हणजे हेलियमची अणुकेंद्रंच. दोन इलेक्ट्रॉन मिळाले की झाला हेलियमचा अणू. ही क्रिया कोट्यवधी वर्षं चाललेली असते. जिथे वर मिठासारखा किंवा तसाच एखादा घट्ट, न झिरपणारा थर असेल, तिथे हे हेलियम नैसर्गिक वायूसोबत अडकून पडतं. माणूस ते खणून काढतो, बनवत नाही. प्रयोगशाळेत अणू फोडून मिळणारं हेलियम मोजायला चिमूटभरही नाही. आणि पर्याय? द्रव नायट्रोजन उणे 196 वर थांबतो, द्रव हायड्रोजन उणे 253 वर. या तारांना ते पुरत नाही.

हेलियमवरचा मराठी लेख विजयदुर्गावरून सुरू व्हावा असा एक अलिखित दंडक आहे, कारण 1868 च्या सूर्यग्रहणात हेलियमचा शोध तिथून लागला असं आपल्याकडे सांगतात. मी तो मोडून थेट कॅन्ससच्या डेक्सटर गावात जातो. 1903 मध्ये तिथे वायूची विहीर लागली. गावाने सोहळा ठेवला, भाषणं झाली, जळता गवताचा भारा वायूच्या झोतात ढकलला, आणि तो विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. लोक हिरमुसून घरी गेले. दोन वर्षांनी कॅन्सस विद्यापीठातल्या कॅडी आणि मॅकफारलंड या रसायनशास्त्रज्ञांनी त्या वायूत नायट्रोजनसोबत दोन टक्क्यांच्या आत-बाहेर हेलियम असल्याचं दाखवून दिलं. तोवर पृथ्वीवर ते दुर्मीळ समजलं जात होतं.

पहिल्या महायुद्धात हवाई जहाजांसाठी, म्हणजे हलका वायू भरून तरंगणाऱ्या अवाढव्य फुग्यांसाठी, न पेटणाऱ्या वायूची गरज पडली आणि अमेरिकेचं लष्कर या कामात उतरलं. 1925 मध्ये कायदा करून सरकारने हेलियमचा कार्यक्रम हातात घेतला. पुढे निर्यातीवरही बंधनं आली. जर्मनीचं हिंडेनबर्ग हे जहाज मुळात हेलियमसाठी आखलेलं होतं. ते मिळालं नाही म्हणून हायड्रोजनवर उडालं, आणि 6 मे 1937 रोजी न्यू जर्सीत पेटून 36 माणसं गेली. एका वायूवर एकाच देशाची मक्तेदारी असली की काय होतं, याचं हे पहिलं उदाहरण.

खरी साठवण सुरू झाली 1960 च्या सुधारित कायद्यानंतर. शीतयुद्ध, क्षेपणास्त्रं, अंतराळ. पुढे प्रचंड हेलियम लागणार असा हिशेब होता. कॅन्सस, ओक्लाहोमा आणि टेक्सासमधल्या वायूच्या कारखान्यांकडून सरकारने कच्चं हेलियम विकत घ्यायचं, शेकडो किलोमीटरच्या नळाने अमरिलोजवळ आणायचं आणि बुश डोम नावाच्या जमिनीखालच्या सच्छिद्र डोलोमाइट खडकात भरायचं. टाक्या का नाहीत? कारण द्रव हेलियम उत्तमातल्या उत्तम टाकीतही साधारण दीड महिना टिकतं, त्यानंतर वाफ सोडावीच लागते. वर्षानुवर्षं साठवायचं तर खडकच हवा, आणि तसा खडक सरकारच्या हातात असणं ही नशिबाची गोष्ट.

खरेदीसाठी सरकारने कर्ज काढलं, ते विक्रीतून फिटणार होतं. अपेक्षित मागणी आलीच नाही. 1973 मध्ये खरेदी थांबली, व्याज थांबलं नाही. 1995 पर्यंत जमिनीखाली सुमारे एक अब्ज घनमीटर हेलियम आणि वहीवर 1.4 अब्ज डॉलरचं कर्ज, त्यातलं बरंचसं व्याजावरचं व्याज.

खान्देशातल्या शेतकऱ्याला यात नवं काही वाटणार नाही. 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस फेडरेशनलाच घालायचा. केंद्रावर गाड्यांची रांग, ग्रेडर मूठभर कापूस ओढून धागा बघणार आणि प्रत ठरवणार, चुकारे सावकाश. बाहेर बाजार चढला की कापूस रातोरात मध्य प्रदेश नाहीतर गुजरातकडे. बाजार पडला की सगळा फेडरेशनच्या दारात. तोटा साचत गेला आणि शेवटी एकाधिकार सुटला. सरकारने ठरवलेला भाव आणि बाजारातला भाव यांच्यात फट पडली की माल त्या फटीतून वाहतो, मग तो कापूस असो की हेलियम. फरक इतकाच, की कपाशी पुढच्या जूनमध्ये पुन्हा लावता येते.

1996 मध्ये अमेरिकी संसदेने ठरवलं, साठा विका आणि कर्ज फेडा. भावाचं सूत्र कारकुनी होतं: कर्जाचा आकडा घ्या, साठ्याने भागा, महागाईप्रमाणे थोडं वाढवा. सुरुवातीला हा भाव बाजारापेक्षा चढा होता. मग चिप, ऑप्टिकल फायबर, एमआरआय यांची मागणी वाढली, बाजार वर गेला आणि सरकारी भाव खाली राहिला. जगाच्या गरजेचा सुमारे 30 टक्के पुरवठा करणारा गडी स्वस्त विकतोय म्हटल्यावर हेलियम पुन्हा पकडून वापरायची यंत्रणा कोण बसवणार? 1996 चे नोबेलविजेते रॉबर्ट रिचर्डसन यांनी 2010 च्या सुमारास उद्वेगाने म्हटलं होतं, की हेलियमच्या एका फुग्याची किंमत शंभर डॉलर असायला हवी.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक साठा करणं ही नव्हे आणि विकणं हीही नव्हे. वहीवरचं कर्ज हीच मालाची किंमत समजणं, ही चूक. याचा कळस 2013 मध्ये झाला. कर्ज फिटलं, आणि कायद्याप्रमाणे कर्ज फिटताच कार्यक्रमाचा पैसाही बंद होणार होता! म्हणजे ऑक्टोबरात बुश डोमचा नळ बंद. घाईघाईने नवा कायदा झाला आणि लिलाव सुरू झाले. लिलावात मग खरा भाव कळला. शेवटच्या दोन लिलावांत हजार घनफुटाचा सरासरी दर सुमारे 119 डॉलरवरून 280 डॉलरवर गेला.

दरम्यान कतार मोठा पुरवठादार झाला होता. तिथल्या नैसर्गिक वायूत हेलियमचं प्रमाण फारच कमी, 0.04 टक्क्यांच्या आसपास. पण जहाजाने पाठवायला वायू द्रवरूप केला की हेलियम मागे उरतं आणि साठत जातं, म्हणून परवडतं. जून 2017 मध्ये शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केली. हेलियमचे कंटेनर सौदीमार्गे ट्रकने दुबईच्या बंदराकडे जात असत, तो रस्ता बंद झाला आणि कतारचे दोन्ही कारखाने काही आठवडे थंड पडले. रशियाने अमूर इथे अवाढव्य प्रकल्प उभारला, तर ऑक्टोबर 2021 मध्ये आग आणि जानेवारी 2022 मध्ये स्फोट. जगभर हेलियमचे मोठे झरे बोटांवर मोजण्याइतके, आणि एक आटला की सगळीकडे ओरड.

भारत यात ग्राहक आहे, जवळपास सगळं हेलियम बाहेरून येतं. प्रयत्न झाले नाहीत असं नाही. पश्चिम बंगालमधल्या बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांतून बुडबुड्यांवाटे येणाऱ्या वायूत एक टक्क्याहून अधिक हेलियम आहे. श्यामादास चटर्जी यांनी त्यावर 1950 च्या दशकापासून काम केलं, सत्येंद्रनाथ बोस यांनीही त्यात रस घेतला. तमिळनाडूत कुथालम इथल्या नैसर्गिक वायूतून हेलियम वेगळं करून बघायचा प्रायोगिक प्रकल्प झाला. देशाची गरज भागेल असं यातून काही उभं राहिलं नाही.

बक्रेश्वर म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला उनपदेव आठवणारच. चोपडा तालुक्यात अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी गरम पाणी येतं, शहाद्याकडेही त्याच नावाचा झरा आहे. शोण, नर्मदा आणि तापी यांच्या काठाने भूकवचात जी लांबलचक भेगांची पट्टी आहे, त्यावरचे हे झरे. आपल्या पायाखालच्या काळ्या बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम फार कमी असतं. हेलियम येणार असेल तर बेसॉल्टखालच्या जुन्या ग्रॅनाइटी खडकांतून, भेगांवाटे वर. पण झऱ्यातले बुडबुडे आणि व्यापारी साठा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बुडबुडे सांगतात की वायू निसटतोय. साठ्यासाठी तो कुठेतरी अडलेला असावा लागतो. उनपदेवच्या कुंडाला कुंपण घालून हेलियम विकायची स्वप्नं कुणी दाखवली तर नमस्कार करून पुढे चालावं.

आपल्या हातात जे आहे ते वापरलेलं हेलियम पकडणं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी प्रयोगांतून निघालेली वाफ गोळा करून पुन्हा द्रव केली जाते. जिल्ह्याच्या गावातल्या एका एमआरआयसाठी अशी यंत्रणा परवडत नाही. दुसरी वाट यंत्राचीच: अलीकडे जेमतेम सात लिटर हेलियम कायमचं सीलबंद असलेले एमआरआय निघालेत, त्यांना छपरावरची नळीही लागत नाही. ते महाग आहेत. लहान शहरांत अनेक सेंटर दुसरीकडून आलेलं, दुरुस्त केलेलं जुनं यंत्र घेतात, ज्याला दीड हजार लिटर लागतात आणि जे अजून दहा-बारा वर्षं चालणार असतं. अशा सौद्यात देखभालीच्या करारात हेलियम भरून देण्याचा खर्च कुणाकडे, आणि भाव दुप्पट झाला तर कुणाकडे, हे कलम आधी वाचावं. अमरिलोत आता मालक खाजगी आहे. तो कर्जाच्या भावाने विकणार नाही.