हृदयस्नायूतील कॅल्शियम आणि चयापचयी विकरे

हृदयस्नायूच्या पेशीत कॅल्शियमचे आयन एकाच वेळी दोन कामे करतात. ते स्नायूचे आकुंचन घडवतात, आणि त्या आकुंचनाला लागणारी ऊर्जा तयार करणाऱ्या विकरांचा, म्हणजे एंझाइमांचा, वेगही वाढवतात. पहिल्या कामाला पाठ्यपुस्तकात पानेच्या पाने मिळतात, दुसऱ्याची बोळवण बहुधा दोन ओळींत होते. ही नोंद मुख्यतः दुसऱ्या कामाविषयी आहे.

हृदयाला कॅल्शियम लागते हे कळले नळाच्या पाण्यामुळे. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचे सुटे हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवत असत. द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केले तेव्हा मात्र हृदय थोड्याच वेळात मंदावून थांबले. आधीचे द्रावण नळाच्या पाण्यात केले गेले होते आणि त्या पाण्यात कॅल्शियम होते, हे त्यांनी १८८३ साली प्रसिद्ध केले. नागपुरात बोअरच्या जड पाण्याने बादलीला आतून जो पांढरा थर धरतो, त्यातही मुख्यतः कॅल्शियमचेच क्षार असतात. इथल्या मेडिकल आणि मेयो या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेल्या जुन्या डॉक्टरांना बेडकाचे प्रॅक्टिकल आठवत असेल: काजळी धरलेला कागद ड्रमवर फिरतो आहे, हृदयाला बांधलेली तरफ त्यावर पांढरी रेघ ओरखडते आहे. कॅल्शियम क्लोराइडचे थेंब पडले की रेघेची शिखरे उंचावतात. थेंब जास्त झाले तर हृदय आवळलेल्या स्थितीतच थांबते. पोटॅशियमने ते उलट सैल पडून थांबते.

विश्रांतीत पेशीद्रवात मुक्त कॅल्शियमचे प्रमाण सुमारे ०.१ मायक्रोमोलर असते. पेशीबाहेर ते याच्या जवळजवळ दहा हजार पट असते. प्रत्येक ठोक्याला थोडे कॅल्शियम बाहेरून आत येते, त्याच्या इशाऱ्याने पेशीतल्या साठ्याची दारे उघडतात आणि पातळी क्षणभर १ मायक्रोमोलरच्या आसपास जाते. आकुंचन झाले की पंप ते पुन्हा साठ्यात भरतात. आकुंचनालाही एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जा पुरवणारे रसायन, लागतो आणि या पंपांनाही. सुमारे ३०० ग्रॅमचे हृदय दिवसाला अंदाजे ६ किलो एटीपी तयार करून खर्च करते. हातातली शिल्लक मात्र काही सेकंद पुरेल एवढीच. म्हणूनच पेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा तंतुकणिकांनी, म्हणजे एटीपी तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांनी, व्यापलेला असतो.

पेशीद्रवातले काही कॅल्शियम तंतुकणिकांच्या आतल्या पटलातील एका वाहिनीतून आत शिरते. या वाहिनीचे प्रथिन २०११ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे ओळखले. आत गेल्यावर कॅल्शियमचा परिणाम प्रामुख्याने तीन डिहायड्रोजनेज, म्हणजे रेणूतून हायड्रोजन काढून घेणाऱ्या, विकरांवर होतो. हे चित्र १९७० च्या दशकात ब्रिस्टल येथे रिचर्ड डेंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केले.

पहिले विकर पायरुव्हेट डिहायड्रोजनेज. ग्लुकोजपासून आलेले पायरुव्हेट क्रेब्ज चक्राच्या, म्हणजे तंतुकणिकांत इंधन जाळणाऱ्या अभिक्रियांच्या साखळीच्या, दारात आणून सोडणारे हे विकर कॅल्शियम थेट हलवत नाही. एक कायनेज त्यावर फॉस्फेट चिकटवून ते बंद करते, एक फॉस्फटेज तो फॉस्फेट काढून ते चालू करते, आणि कॅल्शियम बळ देते ते या फॉस्फटेजला. म्हणजे कुलूप उघडणारा हात जोरात चालू लागतो. विश्रांतीत हृदय मुख्यतः मेदाम्लांवर चालते आणि हे विकर बऱ्याच अंशी बंदच असते, त्यामुळे ते उघडले की फरक पडतो. उरलेली दोन, आयसोसिट्रेट डिहायड्रोजनेज आणि ऑक्झोग्लुटारेट डिहायड्रोजनेज, खुद्द क्रेब्ज चक्रातली. त्यांच्यावर कॅल्शियम सरळ काम करते: कच्चा माल कमी असला तरी तो पकडण्याची त्यांची क्षमता वाढते. तिन्हींतून एनएडीएच हा इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू अधिक निघतो आणि एटीपी बनवण्याला ऊर्जा देणाऱ्या श्वसनसाखळीला इंधन पुरते. तंतुकणिकांबाहेर ग्लायकोजेन फोडण्याचा मार्गही कॅल्शियम मोकळा करते, पण हृदयात ती राखीव सोय आहे.

पंगत बसली की वाढप्यांना दिलेली हाक आचाऱ्यालाही ऐकू जाते. पातेले रिकामे होण्याची वाट न पाहता तो पुढचा घाणा टाकतो. कॅल्शियम ही अशीच हाक. फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सचा चढ चढणाऱ्या माणसाच्या हृदयाचे काम झपाट्याने वाढते, तरी एटीपीची पातळी जवळपास तेवढीच राहते. तुटवडा पडल्यावर पुरवठा वाढतो, एवढ्याने हे समजावता येत नाही. कॅल्शियम खर्च आणि पुरवठा दोन्ही एकदम वाढवते, हे स्पष्टीकरण म्हणूनच पटते.

पण ते स्पष्टीकरण पुरेसे नाही. तंतुकणिकांतली ती कॅल्शियमची वाहिनी नसलेले उंदीर जगतात हे २०१३ मध्ये दिसले, आणि विश्रांतीत त्यांचे हृदय नीट चालले. प्रौढ उंदरांच्या हृदयातून ती काढून टाकल्यावर २०१५ मध्ये असे दिसले की अचानक ताण आला तर हृदय मागे पडते, थोडा वेळ मिळाला तर सावरते. सावकाश चालणाऱ्या हृदयाला या मार्गाची गरज फारशी नसावी. धाव घेताना ती जाणवते.

अतिरेक झाला की हेच कॅल्शियम उलटते. धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या कॅथलॅबमध्ये बंद पडलेली धमनी उघडली जाते, उपाशी पेशींना रक्त मिळते, आणि त्याच वेळी तंतुकणिकांत कॅल्शियम बेसुमार भरते. त्यातून आतल्या पटलात मोठे छिद्र उघडते, एटीपीची निर्मिती थांबते आणि पेशी मरते. हे छिद्र रोखणारे सायक्लोस्पोरिन हे औषध प्राण्यांच्या अनेक प्रयोगांत उपयोगी ठरले होते. माणसांवरच्या मोठ्या चाचणीत, २०१५ साली, त्याचा फायदा दिसला नाही.