हवामानाची काळजी आणि कापडी पिशवीचा हिशेब

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, आणि त्याच दिवशी महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली. ज्यांनी हे भोगलं, त्यांची झोप जोराच्या पावसाने उडाली तर नवल नाही. पण ज्यांच्या उंबऱ्याला कधी पुराचं पाणी लागलेलं नाही, अशी कितीतरी तरुण मुलंही आज हवामानबदलाच्या बातम्यांनी बेचैन होतात. मूल होऊ द्यावं का, इथपर्यंत विचार जातो. घरातली मोठी माणसं ‘एवढं काय मनाला लावून घेतेस’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

तो तसा संपवणं मला पटत नाही. 2021 मध्येच ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात एक मोठी पाहणी आली. भारतासह 10 देशांतल्या, 16 ते 25 वयाच्या 10,000 जणांना प्रश्न विचारले होते. त्यांपैकी 59 टक्के खूप किंवा अतिशय चिंतेत होते. या भावनांमुळे रोजचं जगणं बिघडतं, असं 45 टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं.

धोका खरा असेल तर काळजी वाटणारच. पायाजवळ साप दिसला की अ‍ॅड्रिनलिन उसळतं, कॉर्टिसॉल वाढतं (ही दोन्ही ताणाची संप्रेरकं), आपण मागे उडी मारतो. साप निघून गेला की शरीर हळूहळू ताळ्यावर येतं. हवामानबदलाच्या बाबतीत मागे सरायला जागाच नाही आणि ‘गेला एकदाचा’ म्हणण्याची वेळही येत नाही. म्हणून ताण मुरत जातो.

मग माणूस आपल्या हातात असेल ते धरतो. पिशवी, स्ट्रॉ, बांबूचा ब्रश. एखाद्या दिवशी पिशवी घरी विसरली तर दिवसभर अपराधी वाटत राहतं. इथे थोडं गणित केलेलं बरं, कारण ते मनावरचा बराच भार उतरवतं. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने 2011 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी तापमानवाढीच्या बाबतीत बरोबरी साधायला कापसाची नवी पिशवी 131 वेळा वापरावी लागते. (जुन्या साडीची घरी शिवलेली पिशवी अर्थातच यात सरस ठरते.) प्लास्टिक टाळायलाच हवं, त्याने नाले तुंबतात आणि गुरं मरतात. पण हवेतल्या कार्बनच्या हिशेबात एका पिशवीचं वजन नगण्य आहे. तिच्यासाठी झोप घालवू नका.

आता छताकडे बघा. जुना पंखा साधारण 75 वॉट वीज खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30 वॉटच्या आसपास. रोज 10 तास आणि वर्षाचे 300 दिवस धरले तर 135 युनिट वाचतात. आपली वीज अजून मुख्यतः कोळशावर बनते, युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला 95 किलोच्या आसपास बचत. मुंबई-दिल्ली विमानाच्या एका बाजूच्या प्रवासात प्रत्येक प्रवाशामागे जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड सुटतो! एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं तर सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

ओला कचराही कमी लेखू नये. कचराभूमीत ढिगाखाली हवा पोचत नाही, तिथे भाजीची देठं आणि उरलेला भात कुजून मिथेन तयार होतो. 20 वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट तापमान वाढवतो. तोच कचरा खालीवर करून, हवा खेळती ठेवून कुजवला तर मिथेन फारसा होत नाही आणि कुंड्यांना खत मिळतं.

तरीही एवढ्याने मन शांत होईलच असं नाही. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचा 2022 मधला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. हवामानाची चिंता आणि नैराश्याची लक्षणं यांचं नातं, इतरांसोबत मिळून काम करणाऱ्यांमध्ये सैल झालेलं दिसलं. एकेकट्याने केलेल्या कृतींमुळे तसा फरक आढळला नाही. त्यात भर म्हणून, 2024 मध्ये 125 देशांतल्या सुमारे 1,30,000 लोकांची पाहणी ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये आली. दरमहा उत्पन्नाचा 1 टक्का हवामानासाठी द्यायची 69 टक्के लोकांची तयारी होती, पण इतरांपैकी किती जण तयार असतील असं विचारल्यावर त्यांचा अंदाज 43 टक्क्यांवरच थांबला. शेजाऱ्याला काही पडलेलं नाही असं आपण धरून चालतो, आणि शेजारीही आपल्याबद्दल तेच धरून बसलेला असतो.

म्हणून सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय काढा. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे असतील, तर ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान ठेवलेलं आहे. पहिल्या सभेत बहुधा वाद होईल. होऊ द्या, निदान कोण कोण सोबत आहे ते कळेल.

आणि आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कामात लक्ष नसेल, तर वाट पाहू नका. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, फोन निःशुल्क आहे, आणि मराठीतही बोलता येतं.