सीडी4 चांगला आहे, म्हणजे टीबीची भीती नाही?

एचआयव्हीसह जगणाऱ्या अनेकांना वर्षानुवर्षे एकच दिलासा ऐकवला जातो: सीडी4 पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये 200 च्या खाली गेल्या तरच टीबीची काळजी करा. हे चूक आहे, आणि या चुकीपायी माणसे उशिरा तपासणीला येतात याचे मला फार वाईट वाटते.

टीबीचा जंतू शरीरात शिरला की बहुतेकदा तो मरत नाही, कोंडला जातो. फुफ्फुसातल्या मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात आणि सीडी4 पेशी त्यांना बळ देत त्याच्याभोवती गाठीसारखा वेढा टिकवून धरतात. एचआयव्ही नेमका इथेच घाव घालतो. टीबीला ओळखणाऱ्या सीडी4 पेशी तो फार लवकर मारतो. एकूण आकडा 500 दिसत असतानाही पहारा विरळ झालेला असू शकतो. म्हणूनच एचआयव्हीची लागण झाल्यावर पहिल्या वर्षातच टीबीचा धोका जवळपास दुप्पट होतो. उलट, टीबीमुळे पेटलेला दाह एचआयव्हीलाही वाढायला वाव देतो.

एआरटीने, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांनी, हा धोका निम्म्याहून कमी होतो, पण शून्य होत नाही. त्यामुळे सक्रिय टीबी नाही याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध सीडी4 कितीही असला तरी सुचवले जाते. खोकला (दोन आठवडे थांबू नका, एचआयव्ही असेल तर कितीही दिवसांचा), ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन: यांपैकी एक जरी असेल, तरी तपासणी करून घ्या.