कोरस डिस्टॉर्शनच्या आधी की नंतर?

रोलँड कंपनीने 1975 साली आणलेल्या जेसी-120 या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये 12 इंची दोन स्पीकर असतात आणि प्रत्येकामागे 60 वॉटचा वेगळा अ‍ॅम्प. कोरस, म्हणजे एकाच वाद्याचा आवाज अनेकांचा वाटायला लावणारा इफेक्ट, सुरू केला की एका स्पीकरमधून गिटार जशीच्या तशी वाजते. दुसऱ्यातून तोच आवाज किंचित उशिरा येतो आणि तो उशीरही सतत कमी-जास्त होत राहतो. कुठल्याही एका स्पीकरला कान लावला तर कोरस सापडणार नाही: एकात साधा सूर, दुसऱ्यात नुसता डुलणारा सूर. कोरस तयार होतो तो मधल्या हवेत.

उशीर बदलला की सूर का डुलतो? उशीर कमी होत असताना ध्वनिलहरी दाटीने कानावर येतात आणि सूर चढतो. उशीर वाढत असताना उतरतो. फलाटाकडे येणाऱ्या आणि मग दूर जाणाऱ्या गाडीच्या भोंग्याचं होतं तेच. असा जरासा हललेला सूर मूळ सुरात मिसळला की वीस जण मिळून आरती म्हणतात तेव्हाचा भरलेपणा एकट्या गिटारला येतो.

हा झोका देणाऱ्या लहरीला एलएफओ (लो फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर) म्हणतात. सेकंदाला अर्ध्याहूनही कमी फेरीपासून साधारण दहा फेऱ्या एवढाच तिचा वेग असतो, म्हणून ती स्वतः ऐकू येत नाही. तिने आवाजाची पातळी हलवली तर ट्रेमोलो, सूर हलवला तर व्हायब्रेटो. (फेंडरने या दोन नावांची अदलाबदल करून ठेवली आहे. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरवर सूर हलवणाऱ्या दांडीला ट्रेमोलो म्हटलं आणि पुढे अ‍ॅम्पवर पातळी हलवणाऱ्या सोयीला व्हायब्रेटो. गिटारवाले आजही त्यात अडकतात.)

आजच्या मॉडेलिंग प्रोसेसरमध्ये, उदाहरणार्थ 2015 च्या लाइन 6 हेलिक्समध्ये, अ‍ॅम्प, स्पीकर, पेडल हे सगळं गणित आहे. वायर म्हणजे पडद्यावरची रेघ. ती कुठून कुठे न्यायची हे बोटाने ठरतं, सोल्डरिंग लागत नाही. तरी बहुतेक जण जमिनीवरच्या पेडलांची जुनी रांगच पडद्यावर मांडतात, याचं मला वाईट वाटतं. कारण तेच दोन ब्लॉक, म्हणजे दोन इफेक्ट, उलट क्रमाने लावले की वेगळंच वाद्य हाती येतं.

याचं मूळ डिस्टॉर्शनमध्ये आहे. आवाज फाटका करणारं डिस्टॉर्शन लहरीची शिखरं छाटतं, आणि छाटलेल्या लहरीत मूळच्या सुराच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट अशा नव्या कंप्रता उगवतात. फेजर आवाजातल्या काही कंप्रता खोडतो आणि खोडण्याची जागा सरकवत राहतो. तो डिस्टॉर्शननंतर ठेवला तर खोडायला भरपूर माल मिळतो आणि विमान डोक्यावरून गेल्यासारखा झोत ऐकू येतो. आधी ठेवला तर खोडलेली जागा डिस्टॉर्शन नव्या कंप्रतांनी बरीचशी भरून काढतं. झोत मावळतो, पण सुराचा स्वर ‘आ’कडून ‘ओ’कडे सरकल्यासारखा वाटतो.

ट्रेमोलोचं आणखी गमतीचं. नंतर लावला तर आवाज लहान-मोठा होतो. आधी लावला तर मोठा भाग छाटलाच जातो, म्हणून पातळी जवळजवळ स्थिर राहते आणि हेलकावा आवाजाच्या खरखरीत उतरतो: क्षणात स्वच्छ, क्षणात फाटका.

आणि कोरस? समजा, मूळ सूर 440 हर्ट्झचा आहे आणि डुललेला त्या क्षणी 443 चा. दोन्ही एकत्र डिस्टॉर्शनमध्ये गेले की 437 आणि 446 अशा, आत मुळात नसलेल्या कंप्रता बाहेर पडतात. आवाज गढूळ होतो, गुरगुरतो. पुष्कळांना ही चूक वाटते. संथ, एकेरी सुरांच्या वादनात मला ती फार आवडते.

गढूळपणा नको असेल तर सिग्नल दोन वाटांत फोडावा. एका वाटेने गिटार सरळ जाऊ द्यावी, दुसरीवर फक्त रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, ठेवून कोरस त्या रिव्हर्बनंतर लावावा. बोटाखालचा सूर पक्का राहतो आणि त्याची सावली तेवढी हलते. जेसी-120 च्या दोन स्पीकरांचीच ही कल्पना, एक पाऊल पुढे नेलेली.

फ्रॅक्टल कंपनीच्या अशाच प्रोसेसरमध्ये एलएफओ जवळपास कुठल्याही बटणाला जोडता येतो. एक 0.30 हर्ट्झचा एलएफओ फेजरला आणि दुसरा 0.37 चा डिलेला (आवाज उशिरा पुन्हा ऐकवणाऱ्या इफेक्टला) लावला, तर दोघांची जोडी पुन्हा त्याच स्थितीत यायला 100 सेकंद लागतात. तेवढा वेळ आवाज स्वतःची पुनरावृत्ती करत नाही. एलएफओऐवजी तारेवरचा आघातच जोडला तर हळू छेडल्यावर ट्रेमोलो संथ आणि जोरात छेडल्यावर वेगवान करता येतो. मग तो वेग वादकाच्या हाताचा असतो.

कार्यक्रमाला जाण्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी. हेडफोनवर डावा-उजवा ट्रेमोलो 180 अंशांच्या फरकाने लावला की आवाज कानांत सुंदर झुलतो. पण सभागृहाची ध्वनियंत्रणा दोन्ही बाजू एकत्र करून वाजवत असेल, तर डावीकडे जेवढं वाढतं तेवढंच उजवीकडे घटतं आणि बेरीज सपाट येते. ट्रेमोलो पूर्ण नाहीसा होतो. फरक 90 अंशांचा ठेवला, तर एकत्र केल्यावरही सुमारे 70 टक्के हेलकावा शिल्लक राहतो.