सुब्रतो कपची प्रवेशिका: पहिलीचा उतारा आणि 1 जूनची मुलं

सुब्रतो मुखर्जी कप ही हवाई दलाची शालेय फुटबॉल स्पर्धा, 1960 पासून चालत आलेली. राष्ट्रीय फेरीला जायचं तर आपल्याकडे आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. खालच्या फेऱ्या बाद पद्धतीच्या. हरला की घरी. पण दरवर्षी काही संघ न हरताच घरी जातात, कागदांपायी.

मुलांचे दोन गट, 15 आणि 17 वर्षांखालील. मुलींचा एकच, 17 चा. या ‘17 वर्षांखालील’नं पालक हमखास फसतात. सामन्याच्या दिवशी पोरगा सोळाचा आहे, म्हणजे झालं, असं नसतं. 1 जानेवारी धरतात. 2025 ला जन्म 1 जानेवारी 2009 चा किंवा नंतरचा हवा होता. ऑक्टोबर 2008 चा मुलगा ऑगस्टमध्ये सोळाच वर्षांचा, तरी बाहेर. ही तारीख दरवर्षी पुढे सरकते, तेव्हा गेल्या वर्षीच्या परिपत्रकावर संघ निवडू नका.

प्रवेशिका, ऑनलाइन नोंदणी, फोटो, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का ही एका दुपारची कामं. आधार जोडाच, पण तो जन्मतारखेचा पुरावा नाही, हे आधारवाल्यांनीच सांगून ठेवलंय.

घोडं अडतं ते जन्मदाखला आणि पहिलीच्या जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेत नाव घातल्याच्या नोंदवहीचा, उतारा इथं. उतारा मुलाचं पहिलीला नाव घातलं त्या शाळेतून आणायचा. मूल आता शहरात, ती शाळा गावाकडची जिल्हा परिषदेची, आणि मे महिनाभर कुलूप. जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा प्रवेशिकेची मुदत बहुतेक वेळा तोंडावर आलेली असते.

उतारा मिळाला तरी तारीख जुळायला हवी. दाखल करताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी 1 जून लिहून मोकळे होत. आमच्या गोलकीपरचं तेच झालं. दाखल्यावर 19 ऑगस्ट, उताऱ्यावर 1 जून, वर्ष एकच. दोन्ही तारखांनी तो वयात बसत होता. कागद तपासणाऱ्या टेबलावरच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि ‘तफावत आहे’ एवढंच म्हणाले. पोरगं बूट घालून, ग्लोव्ह्ज मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिलं. त्याला अडवून कुणाचं काय भलं झालं, मला अजून कळलेलं नाही.

रजिस्टरमधली तारीख मुख्याध्यापकांना परस्पर बदलता येत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि ती आठवड्याभरात येत नाही. म्हणून कुणी व्हाइटनर उचलतं. कृपा करा, नको. समोरचा संघ हरकत घ्यायला टपलेलाच असतो, आणि एका मुलापायी पंधराजण बाहेर जातात. शिवाय राष्ट्रीय फेरीत वयाची वैद्यकीय तपासणीही होते.

जन्मदाखला नीट उघडून वाचा. पुष्कळांच्या दाखल्यात आई-वडिलांची नावं असतात आणि मुलाच्या नावाची जागा कोरी. बारशाआधी नोंद केली, पुढे कुणी फिरकलंच नाही. नाव घालायची मुदत नोंदणीपासून 15 वर्षं. 15 च्या गटातल्या मुलाला अजून वेळ आहे, 17 च्या गटातल्याची मुदत बहुधा सरलेली असते. मग सरकारची मुदतवाढ चालू आहे का, हे नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन विचारणं आलं.

अकरावीत गेलेल्यांचं त्रांगडं वेगळं. वयात बसतात, पण दहावीच्या शाळेनं शाळा सोडल्याचा दाखला हातात दिलेला आणि अकरावीच्या प्रवेशफेऱ्या अजून चालू. तेवढे दिवस ते कुठल्याच शाळेचे नसतात. कॉलेजच्या रजिस्टरला नाव लागेपर्यंत त्यांना संघात धरू नका. जुन्या ओळखपत्रावर खेळवलंत, तर जिंकलेला सामनाही हातचा जाईल.

उतारा आणायचा तर एप्रिलमध्येच गाव गाठा, आणि एकाच्या जागी दोन प्रती मागून घ्या. जिल्ह्याला चाललेला कागद विभागाच्या टेबलावर पुन्हा पहिल्यापासून तपासतात, आणि तिथंही अस्सलच मागतात.